जाहीर लिलाव, पण कुणाला जाहीर?

कर्ज थकले तर तारण विकले जाणारच. ठेवीदारांचे पैसे परत यायला हवेत, आणि घर गहाण ठेवताना सही करणाऱ्यालाही ते ठाऊक असते. वाद तिथे नाही. वाद आहे तो घर कितीला जाते यावर. चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ, सावंतवाडी या भागातल्या घरांच्या लिलावात पहिल्या फेरीला बोलीच येत नाही, पुढच्या फेऱ्यांत राखीव किंमत, म्हणजे ज्याच्या खाली विक्री होत नाही तो आकडा, उतरवली जाते आणि शेवटी एखादाच बोलीदार उरतो, हे वारंवार दिसते. कोकणात गिऱ्हाईकच नाही, असे त्यावर सांगितले जाते. मला ते पटत नाही. मुंबई-पुण्यातले चाकरमानी, शेजारच्या गावातले लोक, तालुक्याच्या ठिकाणी स्थिरावू पाहणारी कुटुंबे, हे सगळे घर शोधतच असतात. त्यांच्यापर्यंत लिलाव पोचत नाही, आणि पोचलाच तर नेमके काय विकत मिळणार आहे ते कळत नाही. मालमत्तेची पूर्ण माहिती आणि ताब्याचा प्रश्न, या दोन्हींचा निकाल बोली लागण्याआधी लागला पाहिजे, आणि त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही.

लिलावात भाव कसा निघतो हे बंदरावर सर्वांत स्वच्छ दिसते. हर्णैला किंवा मिरकरवाड्याला होड्या लागल्या की मासळी जातवार आणि आकारवार वेगळी केली जाते. व्यापारी कल्ले उघडून लाली पाहतो, डोळा पाहतो, पोट दाबून पाहतो आणि मगच बोली लावतो. पापलेट, सुरमईच्या ढिगाचा निकाल मिनिट-दोन मिनिटांत लागतो. १९३०च्या मालविक्री कायद्याचे कलम ६४ या पुकाऱ्यालाही लागू आहे: विक्री पूर्ण झाल्याची खूण होईपर्यंत, म्हणजे ‘तीन वार’ म्हणेपर्यंत, बोली मागे घेता येते, आणि विकणाऱ्याने खोटा बोलीदार उभा करून भाव चढवला तर घेणाऱ्याला व्यवहार मोडता येतो. तिथे भाव खरा निघतो, कारण माल डोळ्यांसमोर आहे, दुसरे घेणारे शेजारी उभे आहेत आणि बोली सुटताच टोपली हातात येते. यातले एक जरी सुटले तरी पुकारा पोकळ होतो. ज्या नौकामालकाने १ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी संपताना डिझेल, बर्फ आणि जाळ्यांसाठी व्यापाऱ्याकडून उचल घेतलेली असते, त्याची मासळी बहुधा त्याच व्यापाऱ्याकडे जाते. पुकारा होतो, पण स्पर्धा होत नाही.

आता बँकेचा लिलाव पाहा. बँकांना न्यायालयात दावा न लावता तारण विकून वसुली करू देणारा सरफेसी कायदा २००२चा. खाते अनुत्पादक झाले, म्हणजे हप्ते ठरल्या मुदतीपलीकडे थकले, की कलम १३(२) खाली ६० दिवसांची मागणी नोटीस येते. कर्जदाराने त्यावर लेखी हरकत घेतली तर बँकेने १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यायचे असते. ६० दिवसांत पैसे भरले नाहीत तर कलम १३(४) खाली ताबा. हा ताबा बहुतेक वेळा सांकेतिक असतो: दारावर नोटीस डकवायची, वर्तमानपत्रात छापायची, घरात कुटुंब राहतच असते. प्रत्यक्ष ताबा हवा असेल तर कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. त्यावर ३० दिवसांत, फार तर ६० दिवसांत, आदेश व्हावा असे कायदा म्हणतो. मग मान्यताप्राप्त मूल्यांककाचा अहवाल, त्यावरून राखीव किंमत, आणि विक्रीची ३० दिवसांची नोटीस. पहिला लिलाव फसला तर पुढच्या वेळी १५ दिवसांची नोटीस पुरते.

बोलीदाराने आधी इसारा रक्कम भरायची, ती बहुधा राखीव किमतीच्या १० टक्के असते. ऑनलाइन लिलावाच्या पोर्टलवर ओळखपत्रे चढवायची, ठरलेल्या टप्प्यांनी बोली वाढवायची. शेवटच्या काही मिनिटांत बोली आली तर वेळ आपोआप वाढते, त्यामुळे घड्याळ संपताना डाव साधून घेता येत नाही. ज्याची बोली सर्वांत वर राहील त्याने इसाऱ्यासह एकूण २५ टक्के त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी भरायचे. उरलेले ७५ टक्के विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. बँकेने लेखी मुदत वाढवली तरी तीन महिन्यांच्या पुढे जाता येत नाही. चुकले तर भरलेली रक्कम जप्त. गृहकर्ज मंजूर होईल या भरवशावर बोली लावणारे इथेच बुडतात. १५ दिवसांत कर्ज हातात येणे कठीण, आणि मालमत्तेचा ताबा नसेल तर दुसरी बँक त्यावर कर्ज द्यायला नाखूश असते. मग बोलीला उरतात ते रोख पैसा असलेले थोडे लोक, आणि तेच लोक पुन्हा पुन्हा.

नोटिशीत एक वाक्य ठरलेले असते: ‘जसे आहे जेथे आहे, जसे आहे जे आहे आणि जे काही आहे’ या तत्त्वावर विक्री. म्हणजे दोष निघाला तर घेणाऱ्याने पाहून घ्यावे. शहरातल्या फ्लॅटच्या बाबतीत हा धोका मोजता येतो. कोकणातल्या घराच्या बाबतीत तो मोजणे फार अवघड आहे, आणि अडचणीचे मूळ इथेच आहे.

कोकणात घरे गावठाणात दाटीने नसतात, ती वाडीवाडीत, आंब्या-फणसांच्या आगरात विखुरलेली असतात. घर ग्रामपंचायतीच्या असेसमेंटला एकाच्या नावावर असते, पण त्याखालची जमीन सामायिक सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावांची. असेसमेंटचा उतारा कर आकारणीसाठी असतो, तो मालकीचा पुरावा ठरत नाही. पोटहिस्से तोंडी वाटून घेतलेले, मोजणी झालेली नाही, हद्द म्हणजे जुना गडगा. इतर हक्कांत कुळाचे नाव, वारसाची नोंद राहून गेलेली, जमीन वर्ग २ ची असेल तर हस्तांतराला परवानगी लागणार. घरापर्यंत जाणारी पाखाडी दुसऱ्याच्या जमिनीतून, विहीर सामायिक. किनाऱ्यालगतचा मोकळा भूखंड असेल तर भरतीरेषेपासून २०० मीटरच्या पट्ट्यात बांधकामाला मोठ्या मर्यादा येतात. चिपळुणात तळमजल्याचा गाळा असेल तर २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचे पाणी कुठवर चढले होते, हे विचारल्याशिवाय किंमत सांगताच येत नाही. यातले किती नोटिशीत असते? सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ, चार चतुःसीमा आणि ‘ज्ञात बोजा: निरंक’.

‘ज्ञात’ या शब्दाआड बरेच लपते. सरफेसीखालच्या नियमांतल्या नियम ८(६) नुसार बँकेला माहीत असलेले बोजे, आणि विक्री करणाऱ्या बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याच्या मते खरेदीदाराला महत्त्वाची वाटेल अशी प्रत्येक गोष्ट नोटिशीत यायला हवी. कर्ज देताना बँकेने वकिलाकडून शोध अहवाल घेतलेला असतो, मूल्यांककाने जागा पाहिलेली असते, फोटो काढलेले असतात. ही फाइल शाखेत असते, बोलीदाराला मात्र दाखवली जात नाही. बाहेरच्या बोलीदाराने तोच शोध पुन्हा घ्यायचा तर तलाठी, भूमी अभिलेख, दुय्यम निबंधक आणि ग्रामपंचायत अशा चार ठिकाणी खेटे घालायचे, आणि ते ३० दिवसांत. मग तो काय करतो? एकतर सोडून देतो, नाहीतर सगळ्या अज्ञात धोक्यांची किंमत स्वतःच्या बोलीतून वजा करतो. अंधारात लावलेली बोली कमीच असते.

विजेचे बिल हे यातले छोटे पण बोलके उदाहरण. जुन्या मालकाची थकबाकी नव्या खरेदीदाराकडून मागता येते का, यावर वर्षानुवर्षे खटले चालले. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वीजपुरवठ्याचे नियम तसे असतील तर नवी जोडणी देताना ती मागता येते, आणि ‘जसे आहे जेथे आहे’ या अटीवर घेणाऱ्याने ही चौकशी आधी करायला हवी. घराच्या मीटरवरचा ग्राहक क्रमांक घेऊन थकबाकी पाहायला बँकेच्या कारकुनाला पाच मिनिटे लागतात. नोटिशीत तो आकडा छापला तर सगळ्या बोलीदारांची एक शंका कायमची मिटते.

ताब्याची गोष्ट याहून जड आहे. सांकेतिक ताब्यावर विक्री करता येते, आणि विक्रीनंतरही बँक कलम १४ खाली प्रत्यक्ष ताबा मागू शकते, हे मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्लू कोस्ट हॉटेल्सच्या प्रकरणात स्पष्ट केले. तेही याच किनाऱ्यावरचे, गोव्यातल्या हॉटेलचे. निकाल कायद्याने पक्का आहे. पण ५१५ कोटी रुपये मोजून हॉटेल घेणारी कंपनी तीन वर्षे खटला लढू शकते. ३० लाखांचे घर घेणारा निवृत्त शिक्षक लढू शकत नाही. घरात वयस्कर माणसे राहत आहेत, भावकी शेजारी आहे, विक्रीला आव्हान देणारा अर्ज कर्जवसुली न्यायाधिकरणात पडून आहे, आणि त्या न्यायाधिकरणाचे कार्यालय रत्नागिरीतही नाही, सिंधुदुर्गातही नाही. अशा घरावर बोली लावायला धजतो कोण? ज्याचा धंदाच अडकलेल्या मालमत्ता स्वस्तात घेऊन मोकळ्या करण्याचा आहे तो. तो आपल्या कष्टाची आणि जोखमीची किंमत वसूल करणार, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही.

नुकसान कुणाचे होते ते आकड्यांत पाहा. समजा, घराचे मूल्यांकन ४० लाख आणि राखीव किंमत ३६ लाख आहे. पहिल्या लिलावाला कुणी आले नाही. दर वेळी १० टक्के उतरवले तर दुसऱ्यांदा ३२ लाख ४० हजार, तिसऱ्यांदा २९ लाख १६ हजार. तिथे एकटा बोलीदार २५ हजारांचा एक टप्पा वर बोलून २९ लाख ४१ हजारांना घर घेतो. थकबाकी सुरुवातीला ३० लाख होती आणि व्याज वर्षाला ११ टक्के धरले, तर महिन्याला साडेसत्तावीस हजार चढतात. तीन लिलावांत सहा महिने गेले की देणे ३१ लाख ६५ हजार. घर गेले आणि वर २ लाख २४ हजार देणे उरले, जे कलम १३(१०) खाली वसूल करता येते. तेच घर पहिल्याच फेरीत ३६ लाखांना गेले असते तर कर्ज फिटून कुटुंबाच्या हातात ६ लाखांच्या आसपास रक्कम आली असती. नोटिसा, मूल्यांकन, जाहिरात यांचा खर्च मी धरलेलाच नाही, तोही कर्जदाराच्याच खात्यावर पडतो.

कर्जदारांनी एक गैरसमज तातडीने सोडायला हवा. लिलावाच्या आदल्या दिवशी पैसे भरून घर सोडवता येते, असे अजून अनेक जण धरून चालतात. २०१६च्या दुरुस्तीनंतर आणि सप्टेंबर २०२३च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तो हक्क विक्रीची नोटीस प्रसिद्ध होताच संपतो. घर विकून कर्ज फेडायचेच असेल तर मागणी नोटिशीपासून विक्री नोटिशीपर्यंतचा काळ खरा कामाचा. त्या काळात स्वतः गिऱ्हाईक आणले तर मिळणारी किंमत लिलावापेक्षा जवळजवळ नेहमीच बरी असते.

पतसंस्थेचे मात्र वेगळे आहे, आणि कोकणातले लहान कर्ज मुख्यतः तिथलेच. सहकारी बँकांना सरफेसी लागू असल्याचे मे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरवले, पण पतसंस्था बँक नसते. तिची वसुली महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खालच्या दाखल्यावर आणि १९६१च्या नियमांतल्या नियम १०७ प्रमाणे चालते. लिलावाच्या वेळी १५ टक्के, बाकी १५ दिवसांत. इथे विक्री झाल्यावरही ३० दिवसांत सगळी थकबाकी आणि खरेदीदारासाठी बोलीच्या ५ टक्के रक्कम भरली तर विक्री रद्द करून घेता येते. हा लिलाव बहुधा तोंडी असतो, आणि चार जणांनी आधी चहा पिताना ठरवून घेतले तर तोंडी लिलाव मोडायला वेळ लागत नाही. वाडीतला माणूस भावकीच्या घरावर बोली लावत नाही, बाहेरच्याला कुणी सांगत नाही. ऑनलाइन लिलावात निदान समोरचा बोलीदार कोण ते कळत नाही. सहकार खात्याने पतसंस्थांच्या स्थावर मालमत्तांचे लिलाव ऑनलाइन घेणे सक्तीचे करावे. सरकारी बँकांच्या मालमत्तांसाठी २०२५ मध्ये बँकनेट हे एकत्र पोर्टल सुरू झाले आहे, पतसंस्थांसाठी तसे काहीच नाही.

आंब्याची बाग आणि मासेमारी नौका, कोकणातली ही दोन मोठी तारणे, सरफेसीच्या बाहेर आहेत. कलम ३१ शेतजमिनीवरचे तारण वगळते आणि जहाज-नौकेवरचेही. शेतजमीन दुसऱ्या मार्गाने लिलावात आली तरी कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी किंवा कायद्यातली सूट नसेल तर, शेतकरी नसलेल्याला ती घेता येत नाही. बोलीदार आणखी कमी होतात. तरीही शेतकरी असल्याचा दाखला लागेल, ही अट अनेकदा लिलावाच्या दिवशी सांगितली जाते. ती नोटिशीच्या पहिल्या ओळीत हवी.

लिलावात निघालेला आकडा म्हणजे बाजारभाव, असे धरून चालण्यात धोका आहे. खेड तालुक्यातल्या मुंबके गावी दाऊद इब्राहिमच्या कुटुंबाच्या जमिनींचा जानेवारी २०२४ मध्ये सरकारी लिलाव झाला, तेव्हा १५,४४० रुपये राखीव किमतीच्या तुकड्याला २ कोटी १ लाखाची बोली लागली आणि त्याच लिलावातल्या दोन जमिनींना बोलीच आली नाही. शेजारच्या शेतकऱ्याच्या जमिनीचा भाव त्यावरून काहीच कळत नाही.

मग करायचे काय? पहिले, माहितीचा संच. चालू सातबारा, फेरफार, आठ अ, मोजणीची ‘क’ प्रत असल्यास ती, असेसमेंट उतारा, बिनशेती आदेश, वीज आणि घरपट्टीची थकबाकी, प्रलंबित दाव्यांचे क्रमांक, मूल्यांकन अहवाल तारखेसह आणि आतले-बाहेरचे फोटो. यातले बहुतेक बँकेकडे आधीच असते. नोटिशीबरोबर ते पोर्टलवर चढवावे. शोध अहवालाची जबाबदारी आमच्यावर येईल, असे बँका म्हणतील. अहवाल ‘माहितीसाठी’ म्हणून द्यावा, हमी देऊ नये. पण दडवू तरी नये. दुसरे, मोजणी नसलेल्या सामायिक जमिनीतले घर थेट लिलावात काढू नये. आधी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करावा. वेळ लागतो हे मान्य, पण तीन फसलेल्या लिलावांनाही वेळ लागतोच.

तिसरे, प्रसिद्धी. नियमाला त्या परिसरात खप असलेली दोन प्रमुख वर्तमानपत्रे हवी आहेत, त्यातले एक स्थानिक भाषेतले. रत्नागिरी-सिंधुदुर्ग आवृत्तीऐवजी नुसती मुंबई आवृत्ती धरली तर हेतू फसतो. ग्रामपंचायतीच्या फलकावर नोटीस लावावी आणि गावाच्या मुंबई मंडळाला एक प्रत पाठवावी, कारण त्या गावात घर घेण्याची खरी इच्छा असलेली माणसे त्या मंडळातच असतात. पाहणीचा दिवस रविवारी ठेवावा. शक्य तिथे शिमगा, मे महिना किंवा गणपतीच्या आसपासचे दिवस धरावेत. भर पावसात, कामाच्या दिवशी ११ ते १ अशी पाहणीची वेळ छापली की कुणी येणार नाही हे ठरलेलेच.

ताब्याबाबत मी थोडा अडखळतो. विक्रीआधी प्रत्यक्ष ताबा घेतला तर किंमत चांगली येते, पण कुटुंब काही महिने आधी बाहेर पडते, आणि लहान मुलांची शाळा, आजाऱ्याचे औषधपाणी यांची किंमत कोणत्याच अहवालात येत नाही. म्हणून मधली वाट धरावी. कर्जदाराने लेखी संमती द्यावी की पाहणीच्या दिवशी घर उघडे राहील आणि विक्री कायम झाल्यावर ३० दिवसांत तो जागा सोडेल. बदल्यात बँकेने तोवर कलम १४चा आदेश बजावू नये. ही संमती नोटिशीत छापली की बोलीदाराला कळते की कुलूप फोडायची वेळ येणार नाही. संमती मिळाली नाही तरच ताबा आधी घ्यावा. अशा संमतीशिवाय राहत्या घराचा सांकेतिक ताब्यावर लिलाव मात्र थांबवावा. अशा लिलावात बोली नेहमीच पडते, आणि पडलेल्या बोलीचा भार त्याच कुटुंबावर येतो.

लिलाव झाल्यावरचा हिशेब हा सर्वांत दुर्लक्षित भाग. कलम १३(७) प्रमाणे विक्रीतून खर्च आणि कर्ज वजा जाता उरलेली रक्कम हक्काच्या माणसाला परत द्यायची असते. विक्री कायम झाल्यावर ३० दिवसांत, कर्जदाराने मागितला नसला तरी, बँकेने हिशेबाचा कागद रजिस्टर पोस्टाने पाठवावा: विक्रीची रक्कम, नोटिशी आणि जाहिरातींचा खर्च बिलांसह, त्या दिवशीचे मुद्दल, व्याजाचा दर आणि दिवस, शिल्लक किंवा तूट. असा कागद आला नसेल तर कर्जदाराने किंवा जामीनदाराने प्राधिकृत अधिकाऱ्याच्या नावे लेखी मागणी करावी आणि पोच घ्यावी. विक्रीवर हरकत असेल तर कलम १७ खाली न्यायाधिकरणात जायची मुदत ४५ दिवसांचीच आहे, आणि ती हिशेबाच्या कागदाची वाट पाहत थांबत नाही.